दट्ट्यावरचा मासा

आमच्या घरात वाढदिवस नव्हते. म्हणजे जन्म सगळ्यांचेच झाले होते, पण त्याचं कौतुक कुणाला नव्हतं. कौतुक होतं नावाच्या सणाचं. ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलं, त्याचा दिवस तो आपला दिवस. त्या दिवशी त्या माणसाने पपांच्या हातवाल्या खुर्चीत बसायचं, डोक्यात अबोलीचा वळेसर माळायचा, पहिला फुगा साखरेत बुडवून खायचा, आणि कोंबडी असेल तर तिची कलेजी त्याचीच. भांडी घासायला त्या दिवशी सुट्टी. अंधेरीच्या गावठणात तेव्हा घराला घर लागून होतं, त्यामुळे कुणाच्या घरी कुणाचा संत आलाय हे फुग्यांच्या वासावरून कळायचं. आंबवलेल्या पिठाचे ते गोल गोळे उकळत्या तेलात टम्म फुगायला लागले, की शेजारची रेजिना काकी ओट्यावरून ओरडायची, "आज कोनाचा गो?" आता त्याच जागेवर बावीस मजल्यांचा टॉवर आहे. वास येतो, पण तो कुठल्या मजल्यावरून येतो ते देवालाच ठाऊक.

हे सगळे सण चालायचे एका दट्ट्यावर. चर्चच्या दारात नाताळाच्या आधी विकायला यायचा तो, रोज एक पान फाडायचा जाडजूड दट्ट्या. पानाच्या मध्यभागी तारखेचा मोठा आकडा, खाली वार, त्याखाली बारीक अक्षरांत त्या दिवसाचा संत. रविवार आणि मोठे सण लाल. आणि शुक्रवारी, कोपऱ्यात, एक छोटासा छापील मासा. मासा म्हणजे आज मांस नाही. सुका बोंबील चालेल, वांगं चालेल, पण चार पायांचं आणि दोन पायांचं काही शिजवायचं नाही. पपांची आई, जिला आम्ही मोठी आय म्हणायचो, तिला आकडे ओळखता यायचे, अक्षरं नाही. तिचा सगळा कारभार त्या माशावर होता. पहाटे उठून क्रूसापुढे हात जोडायची, मग कालचं पान फाडायची, मासा आहे की नाही बघायची, आणि चुलीकडे वळायची. वार कुठला हे ती कधी कुणाला विचारत नसे. "दट्ट्यावर हाय ता खरा," एवढंच तिचं म्हणणं. पपा कारखान्यात पहिल्या पाळीला, आई हॉस्पिटलात आया म्हणून कामाला, दोघंही उजाडायच्या आत घराबाहेर. घर मोठ्या आयचं, बाटल्यांत भरून ठेवलेल्या वर्षभराच्या बाटली मसाल्याच्या कपाटाची चावी तिच्या कमरेला, आणि दट्ट्या तिच्या ताब्यात. मला फक्त एक मान होता. अक्षरं वाचता येणारी थोरली नात म्हणून संताचं नाव मी मोठ्याने वाचायचं. मी ते असं वाचायचे, जणू त्या संताला मीच नेमलंय.

माझं नाव फिलोमिना. घरात फिलू. अकरा ऑगस्ट माझा. धाकटी लुसी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तिचा तेरा डिसेंबर. आता ही वाटणीच बघा. माझा सण भर पावसात, अबोली भिजून चोथा झालेली, कोंबड्या मरगळलेल्या. आणि हिचा डिसेंबरात, हवा गार, घरात नाताळाची तयारी लागलेली, करंज्यांचं सारण परातीत तयार, त्यामुळे हिला फुग्याबरोबर सारणाचा लाडूही. वर संत लुसी ही डोळ्यांची संत. चित्रात ती तबकात दोन डोळे घेऊन उभी असते, आणि आमच्या लुसीचे डोळे हे असे टपोरे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिची हनुवटी धरून म्हणायची, "डोळे बघा पोरीचे. संतिणीनंच दिलेत!" मी शेजारी उभी असायचे, दहाव्या वर्षीच लागलेल्या जाड भिंगांच्या चष्म्यातून ते बघत. माझी संत कशाची आहे ते कुणालाच धड माहीत नव्हतं. मी विचारलं तर आई म्हणाली, "चांगल्या मुलींची." म्हणजे तिथेही माझा नंबर लागायची खात्री नव्हती.

आणि लुसी वाईट असती तर गोष्ट वेगळी. ती वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. मार पडला तर आवाज न करता रडायची. आपला लाडू अर्धा मोडून माझ्यापुढे धरायची, आणि मी तो घ्यायचे, आणि घेतल्यावर तिचा आणखी राग यायचा. आज मला त्या फिलूची एक थोबाडीत द्यावीशी वाटते. पण तिच्या त्या वेण्या, ती भिंगं आणि तो फुगवलेला नाकाचा शेंडा आठवला की हसूच जास्त येतं.

मी बारा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. नवा दट्ट्या घरात आला की मी सगळ्यात आधी तो उलटा धरून ऑगस्ट काढायचे. त्या वर्षीही काढला. अकरा तारीख होती, वार होता, पण खाली माझी फिलोमिना नव्हती. दुसऱ्याच कुणा दोन संतांची नावं होती, त्यातला एकही आमच्या ओळखीचा नाही. मला वाटलं छपाई चुकली. मोठ्या आयला ओढत मी फादरांकडे घेऊन गेले. फादर म्हातारे, गोव्याकडचे, सरळ बोलणारे. ते म्हणाले, "छपाई नाही चुकली, बाय. रोमहून पत्र आलंय. तिच्याबद्दल पक्की माहिती मिळत नाही, म्हणून तिचं नाव कॅलेंडरातून कमी केलं."

"कमी केलं म्हंजे?" मोठी आय म्हणाली. "आमी तिच्या नावानं पोरीला बाप्तिस्म्याचं पानी घातलं."

"पोरगी आहे ना? मग झालं," फादर म्हणाले. "कॅलेंडरातून गेली म्हणजे स्वर्गातून गेली असं नाही."

माझ्या कानावर यातलं एकच वाक्य पडलं, की पक्की माहिती मिळत नाही. पुढच्या रविवारी बघते तर चर्चच्या बाजूच्या कोनाड्यातला तिचा पुतळाही नाही. तो मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या आणि नाताळच्या बांबूच्या चांदणीच्या मध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. शाळेत वाऱ्यासारखं वर्तमान पसरलं. "फिलू, तुझी संत नापास झाली?" मी घरी येऊन जेवले नाही. म्हणजे दुपारी जेवले नाही, रात्री जेवले. भूक मला नेहमीच निष्ठेपेक्षा जास्त होती.

मोठ्या आयने तोडगा काढला. "एक नोव्हेंबर. सर्व संतांचा सण. जे कॅलेंडरात नाय ते पन त्यात येतात. तो तुजा." मला क्षणभर बरं वाटलं. मग हिशेब लक्षात आला. सर्व संतांचा, म्हणजे लुसीच्या संतिणीचाही. म्हणजे हिला दोन आणि मला अर्धा. एक नोव्हेंबर आला, मला खुर्चीत बसवलं, आणि रेजिना काकी ओट्यावरून ओरडली, "आज कोनाचा गो?" मोठी आय म्हणाली, "सगल्यांचा!" त्याच क्षणी माझा राग फुग्याच्या पिठासारखा आंबायला लागला, आणि डिसेंबरपर्यंत फुगत राहिला.

डिसेंबर उजाडला तशी मी रोज दट्ट्याचं वरचं पान उचलून खाली बघायला लागले. तेरा तारीख. संत लुसी, कुमारिका, रक्तसाक्षी. स्वच्छ छापलेलं, पक्क्या माहितीचं. बारा तारखेच्या दुपारी मोठी आय जेवून ओट्यावर आडवी झाली होती, लुसी पाण्याला गेली होती. मी स्टुलावर चढले, वरचं पान हळूच वर धरलं आणि खालचं पान बटाटे सोलायच्या सुरीने मुळापासून कापून काढलं. चार घड्या घालून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं. माझा विचार एवढाच होता, की माझी नाही तर तिचीही नाही. बाराच्या मागून चौदा येईल, लुसीचा दिवस उगवणारच नाही. पानाच्या कोपऱ्यात मासा होता. तो मी पाहिला. पाहिला आणि त्याचा विचार केला नाही. एवढी हुशार मुलगी गावठणात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या आयने बारा फाडली. मी छाती पुढे काढून वाचलं, "चौदा डिसेंबर, शनिवार," आणि कुठल्यातरी बिशपाचं नाव. मोठी आय जागच्या जागी थांबली.

"चौदा? मग लुसीचा?"

"काल गेला," मी म्हणाले.

लुसी वेणी घालता घालता म्हणाली, "पण काल तर बारा होती ना?"

"दट्ट्या खोटं बोलतो काय गं?" मी म्हणाले. आणि मोठ्या आयसमोर दट्ट्याविरुद्ध बोलायची कुणाची टाप नव्हती.

मोठ्या आयने कपाळावर हात मारला. "अगो बाय माजे! पोरीचा सण मी इसरले!" तिने दट्ट्याकडे पुन्हा पाहिलं, कोपऱ्यात मासा नाही याची खात्री केली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक निश्चय आला. आम्ही शाळेला निघालो तेव्हा ती कोंबड्यांच्या खुराड्याशी वाकलेली होती. तेव्हा कुठे मला तो मासा आठवला. शुक्रवार. आज शुक्रवार होता. मी मागे फिरून सांगायला हवं होतं. मी काय केलं? लुसीला म्हणाले, "चल लवकर, उशीर होतोय."

दुपारच्या सुट्टीत जेवायला आलो. खुर्ची मांडलेली. अबोलीचा वळेसर. फुग्यांची परात भरलेली. आणि कोंबडीची खुडी, बाटली मसाल्याचा दाट रस्सा, वर तेलाचा तवंग, साध्या सणाला कधी होत नाही अशी. एक दिवस चुकला म्हणून मोठ्या आयने तिच्या लाडक्या तांबड्या कोंबड्यालाच कापलं होतं. "बाय, काल चुकले मी. माफ कर हां," असं म्हणून तिने लुसीच्या पानात कलेजी वाढली. म्हणजे मी पान फाडून मिळवलं काय, तर लुसीला आयुष्यातला सगळ्यात मोठा सण. मी म्हणाले, माझं पोट दुखतंय. शुक्रवारी कोंबडी खाल्ली तर थेट नरकात जाणार ही भीती मला होती. फाडाफाडी आणि खोटं बोलणं चालत होतं, खुडी चालत नव्हती. मी कोरड्या भाताचे घास गिळत समोर बघत राहिले. लुसीने एकदा माझ्याकडे पाहिलं, त्या टपोऱ्या डोळ्यांनी, आणि मग खाली मान घालून हाडापर्यंत जेवली. बोटंसुद्धा चाटली. मोठी आयही आमच्यासमोर बसून जेवली.

तेवढ्यात रेजिना काकी वाटी घेऊन दारात आली, काहीतरी मागायला. आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"म्हातारे, काय शिजवलंस?"

"ये, बस. लुसीचा सण काल इसरले ना, म्हनून आज..."

"काल कुठला? लुसीचा आज. आज शुक्रवार! सकाळी चर्चला मिसाला मी जाऊन आले. तुज्या घरात कोंबडी?"

मोठी आय उठली. उष्ट्या हाताने भिंतीपाशी गेली, दट्ट्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. "चौदा हाय."

काकी हसली. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण जीभ होती. "दोन पानं एकदम फाडलीस की काय? झालं, आता तुजं पन तुज्या बहिनीसारखं."

ती बहीण कांदिवलीला असायची. आधी आमटीत दोनदा मीठ घालायला लागली, मग वार विसरली, मग घर. शेवटी दारातून बाहेर पडली की कुणीतरी हाताला धरून परत आणायचं. मोठी आय तिला भेटून आली की दोन दिवस बोलायची नाही. त्या दुपारी ती भिंतीपासून वळली. हात धुतले, उरलेली खुडी झाकून ठेवली. संध्याकाळी आई कामावरून आल्यावर कमरेची चावी सोडून तिच्यापुढे ठेवली. "आता तूच बघ. माजं डोकं गेलं." आईला ती चावी लग्न झाल्यापासून हवी होती, गावठणाला माहीत होतं. पण त्या दिवशी तिनेही हात मागे घेतला. चावी तशीच पाटावर पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे दट्ट्याचं पान कुणी फाडलं नाही. गरजही नव्हती. चौदा तारीख, शनिवार, दट्ट्या आपोआप बरोबर झाला होता. फक्त मोठी आय चुलीपाशी बसून होती आणि आईला विचारत होती, "आज काय शिजवायचं?" उभ्या जन्मात तिने कुणाला हे विचारलं नव्हतं.

मला सांगायचं नव्हतं. खरं ते खरं. मला तोंड उघडायची भीती होती, आणि त्याहून वाईट म्हणजे सांगितलं तर सगळे लुसीला जवळ घेतील, ही कल्पना सोसत नव्हती. पण शनिवारी संध्याकाळी कन्फेशन असायचं. चर्चमध्ये बाकांवर रांग लागली, मोठी आय माझ्या पुढे. डोक्यावरून पदर घेतलेली, हातात रोझरी. शुक्रवार तिने साठ वर्षांत मोडला नव्हता. माझं पाप घेऊन ती फादरांपुढे गुडघे टेकायला निघाली होती आणि माझी वहिवाटीची पापं, म्हणजे साखर खाल्ली, धाकटीला चिमटा काढला, ही मी पाठ करत बसले होते. तिच्या पुढची बाई उठली. मी मोठ्या आयच्या लुगड्याचा काठ धरला.

"मोठी आय, तू दोन पानं नाही फाडलीस."

ती वळली.

"एक मी फाडलं. गुरुवारी. सुरीने."

तिने रोझरी मुठीत गुंडाळली. मग म्हणाली, "किती फाडलीस?"

"एकच."

"कुठं हाय?"

मी प्रार्थनेच्या पुस्तकातून काढून दिलं. तिने घड्या उलगडल्या. तेरा आकडा पाहिला. कोपऱ्यातल्या माशावर बोट फिरवलं. मला वाटलं आता इथेच पडणार. आणि मोठी आय हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडात कोंबून, मग तोही पुरेना, तेव्हा चक्क आवाज करून. "माजं डोकं जाग्यावर हाय!" ती म्हणाली, आणि अर्ध्या चर्चने वळून पाहिलं. हसता हसताच तिने माझा कान असा पिरगळला की भिंगांच्या मागून पाणी आलं. मग ते पान पुन्हा चार घड्या घालून माझ्याच पुस्तकात ठेवलं. "ऱ्हाव दे तुज्याकडं. बघत जा अधनंमधनं. आन लुसीला सांगू नको. पोरीनं सुखानं खाल्लंय."

तिने मला पुढे काढलं, आधी तू जा म्हणून. मी बाहेर आले तर ती आत शिरत होती. "तू कशाला आता?" मी विचारलं. "तुझं पाप नाही."

"खुडी लय चांगली झालेली," ती म्हणाली. "ता तरी सांगाया होवा."

नवीन वर्षाचा दट्ट्या आला, तो भिंतीवर लागायच्या आधी दोन दिवस मोठ्या आयच्या उशाशी होता. मी त्या वर्षी ऑगस्ट काढून पाहिला नाही. बघून काय मिळणार होतं? अकरा ऑगस्टला पहाटे तिने दहा फाडली आणि मला हाक मारली, "वाच." मी डोळे चोळत गेले. खाली तीच दोन अनोळखी नावं. पण कोपऱ्यात, जिथे शुक्रवारी मासा असतो तिथे, कपड्यांच्या निळीत काडी बुडवून एक कोंबडी काढलेली होती. चोच, तुरा, दोन पाय. एक पाय जरा लांब झालेला. मोठ्या आयला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिने काढली होती. बाहेर धोधो पाऊस, रेजिना काकी ओट्यावरून ओरडली, "आज कोनाचा गो?" आणि आतून उत्तर गेलं, "फिलूचा!"

ते पान दुसऱ्या दिवशी मी घरभर शोधलं. मिळालं नाही. मोठी आय म्हणाली, चुलीत गेलं असेल. त्यानंतर ती होती तोवर दरवर्षी कोंबडी यायची, पण ती पानं मी जपली नाहीत. मला ते पहिलं हवं होतं. साठ वर्षं मी ते चुलीत गेलं असंच समजत होते.

परवा बोरिवलीला लुसीकडे गेले होते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टपोऱ्या डोळ्यांत माझ्याही आधी मोतीबिंदू झाला, हे कळलं तेव्हा मी फोनवर हळहळले आणि फोन ठेवल्यावर घरातल्या घरात एक गिरकी घेतली. माझ्या नातीने पाहिली, म्हणून कबूल करते. ऑपरेशन झाल्यावर तिचा मुलगा कामावर जातो तर डोळ्यांत थेंब घालायला कुणी नाही, म्हणून मी गेले. सकाळी ती म्हणाली, "फिलू, जरा आजचा संत वाच ना. मला अक्षरं दिसत नाहीत." पुन्हा तेच काम. तिचं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, आणि त्यातून चार घड्यांचा पिवळा कागद खाली पडला. उलगडला. अकरा ऑगस्ट. निळी कोंबडी, एक पाय लांब.

"लुसी! हे तुझ्याकडे?"

"कोंबडीचं का?" ती काळ्या चष्म्यातून म्हणाली. "मीच उचललेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या आयने फाडल्यावर, तू डोळे चोळत यायच्या आत."

"का गं?"

"माझ्या पानावर छापलेलंच होतं सगळं. तुझ्यावर तिने हाताने काढलेलं. मला सोसवलं नाही."

मी कागदाच्या घड्या पुन्हा घातल्या. मग म्हणाले, "तुझं तेरा डिसेंबरचं माझ्याकडे आहे."

"माहितीये."

"मोठ्या आयने सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? बाईंनी शाळेत फळ्यावर तारीख लिहिली होती, तेरा, शुक्रवार. तुझं तोंड बघून बाकीचं कळलं."

"आणि तरी कोंबडी खाल्लीस? बोटं चाटून?"

"खुडी होती ना गं," लुसी म्हणाली. आमची गरीब, आवाज न करता रडणारी लुसी.

मी तो कागद माझ्या पिशवीत टाकायला लागले तर तिने आंधळ्यासारखा हात पुढे करून अचूक तो ओढून घेतला. "माझं तेरा आण, मग देते." मी घरी येऊन विचार केला. तिच्याकडे मोठ्या आयच्या हातची कोंबडी आहे, माझ्याकडे छापखान्याचा मासा. याही वेळी चांगलं तिच्याकडेच. मी बदलून घेऊ शकते, पण मग तिला तिचा सण परत मिळेल, आणि तो मी एवढ्या कष्टाने कापलाय. सध्या विचार चालू आहे.

त्या दिवशी निघायच्या आधी तिच्या डोळ्यांत औषध घातलं. डॉक्टरांनी दोन दोन थेंब सांगितले होते. मी तीन तीन घातले.